पितरांची ओळख

सज्जनहो, गेल्या पितृपक्षात नरसी नामदेव परिसरातील एका गावी कीर्तन आटोपले, तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने मोबाइलवर चित्र दाखविले. पोखरलेल्या भोपळ्यात दिवा, आणि भुतांची सोंगे घेतलेली पोरे. म्हणाला, "महाराज, हे हॅलोविन. तिकडे मेलेल्यांच्या नावाने लोक नाचतात, आपण पंधरा दिवस तोंड पाडून बसतो. खरे कोणते?"

म्हटले, बाळा, आधी सोंगाच्या आत पाहू. आयर्लंडातील प्राचीन लोकांचा सुगी सरून हिवाळा लागतानाचा हा सण. त्या रात्री मृत आणि जिवंत यांच्यातला पडदा विरतो, अशी समजूत. पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने १ नोव्हेंबर सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरविला. ३१ ऑक्टोबर ही त्या संतदिनाची आदली रात्र. गरीब माणसे दारोदार जाऊन मृतांसाठी प्रार्थना करीत, आणि घरची बाई त्यांच्या हातावर गोड रोटी ठेवी. आपल्याकडेही महालयात आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून दिवाळीत उल्कादान सांगितले आहेच. तेव्हा दिवा इकडेही आहे, तिकडेही आहे. तो कोणासाठी लावला, हे विसरले की मागे नुसते सोंग उरते.

इतक्यात खांबाआड बसलेली त्याची आई हळूच बोलली, "महाराज, आमचे मालक इहिरीच्या कामावर दरड कोसळून गेले. सराध घालायची ऐपत न्हाई. त्यायला गती भेटंल का?"

काय सांगू! पाठशाळेत श्राद्धप्रयोग मुखोद्गत केलेला मी. उमेदीच्या काळात असे कोणी विचारले, की सामानाची यादी सांगून मोकळा होत असे. त्याच शास्त्राची पुढची बाजू सांगायचे राहून जाई. विष्णुपुराण म्हणते, धन नसेल तर गाईला चारा घालावा. तेही न जमेल तर रानात जाऊन, दोन्ही हात वर करून, आपल्यापाशी केवळ भक्ती आहे असे पितरांना सांगावे. तेवढ्यानेही ते तृप्त होतात.

आणि दृष्टांत तर आपल्या घरचा आहे. सन १३३८ मध्ये मंगळवेढ्याचे गावकूस कोसळून वेठीचे मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबाराय होते. हाडांच्या त्या राशीत चोखोबा कोण, हे कसे ओळखावे? आपल्या नरसीचे नामदेवराय तिथे गेले, एकेक अस्थी कानाशी धरली, आणि जिच्यातून विठ्ठलनाम आले ती पदरात घेतली, असे परंपरा सांगते. त्या अस्थींची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर आहे. ज्याला जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्याला नामदेवरायांनी देवाच्या दारात जागा दिली. याहून मोठे श्राद्ध कोणते?

माउली, तुझे धनीही असेच मातीखाली गेले. तू त्यांना नावाने हाक मार, गाईला मूठभर चारा घाल. पितर उपाशी राहत नाहीत.

मुलगा गप्प झाला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "आई, बाबांची तिथी कोणती?"

श्रोतेहो, मला वाटते, त्या घरचे श्राद्ध तिथेच सुरू झाले.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!