पहिले बोलावणे कोणाला?

संकटाच्या ऐन भरात माणसे एकमेकांना नीतीचे प्रश्न फारसे विचारीत नाहीत. त्या काळात जे घडते त्यावर निरुपायाचे पांघरूण घालता येते. परंतु संकट ओसरल्यावर आपण जे करतो त्यात निवड असते. आणि जेथे निवड आहे, तेथे न्याय-अन्यायाचा प्रश्न टाळता येत नाही. प्रवास आणि पर्यटन या व्यवसायाच्या संदर्भात असाच एक प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

२५ मार्च २०२० रोजी करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली. देशांतर्गत विमाने दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, पुन्हा उडू लागली; परंतु नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे सुरू व्हावयास २७ मार्च २०२२ उजाडला. ज्या गोमंतकात असंख्य घरांची चूल पाहुण्याच्या पावलांवर पेटते, तेथे या दोन वर्षांचा अर्थ काय झाला असेल हे विस्ताराने सांगावयास नको. हॉटेलातील खोल्या आवरणाऱ्या बायका, वाढपी, किनाऱ्यावरील शॅकमधले आचारी, असे कितीतरी लोक घरी बसले किंवा आपापल्या गावी परतले. पुढे पाहुणे आले. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरूनही वाहतूक सुरू झाली. माणसांची गरज पुन्हा भासू लागली. अशा वेळी पहिले बोलावणे कोणाला जावे? ज्यांना काढले त्यांना, की जो स्वस्तात आणि सत्वर मिळेल त्याला?

कायद्याने या प्रश्नाला थोडेफार उत्तर दिले आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील २५-एच या कलमाने असे ठरविले होते की, कपातीत गेलेल्या कामगारास, मालक पुन्हा माणसे घेऊ लागल्यास, संधी द्यावी व इतरांहून त्याला अग्रक्रम असावा. त्या कलमात कालमर्यादा नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने हा अग्रक्रम कपातीनंतरच्या एका वर्षापुरता ठेवला आहे. ज्या व्यवसायाला परदेशी विमानांसाठी दोन वर्षे वाट पाहावी लागली, त्यात एका वर्षाचा अग्रक्रम मोसम येण्यापूर्वीच संपून जावयाचा. शिवाय मुदतीचा करार संपल्यामुळे ज्याचे काम गेले, त्याची ‘कपात’ झाली असे १९८४ च्या दुरुस्तीपासून कायदा मानीत नाही. आणि या व्यवसायात तर मोसमापुरतेच ठेवलेले लोक पुष्कळ.

म्हणजे कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही, तेथेच खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस सागरी कायद्यातील एक अतिप्राचीन तत्त्व आठवते. वादळात सापडलेले गलबत हलके करण्यासाठी कोणा एकाचा माल समुद्रात टाकावा लागला, तर ती हानी त्या एकाने सोसावयाची नसते. ज्यांचा माल व ज्याचे गलबत वाचले, त्या सर्वांनी ती वाटून घ्यावयाची असते. ऱ्होड्सच्या नावाने चालत आलेला हा नियम सहाव्या शतकात जस्टिनियनच्या विधिसंग्रहात आला, आणि आजही जहाजांच्या व्यवहारात तो पाळला जातो. टाकणे चुकीचे होते, असे हा नियम म्हणत नाही. तो एवढेच सांगतो की, ज्याच्या हानीमुळे इतर तरले, त्याचे त्या तरण्यात देणे लागते.

साथीच्या काळात अनेक हॉटेले आणि प्रवासी कंपन्या तरल्या, त्या काही अंशी न दिलेल्या पगारांच्या बळावर तरल्या. तेव्हा सावरलेल्या धंद्यात त्या घरी बसलेल्यांचा वाटा आहे, असे आम्ही म्हणतो.

यावर मालक म्हणेल, “आम्हीही बुडालोच होतो; माणसे कमी केली ती निरुपायाने.” बहुतेकांच्या बाबतीत हे खरे आहे, आणि लहान हॉटेलवाल्याचे कर्ज आम्ही हलके मानीत नाही. परंतु निरुपाय या शब्दाची तपासणी व्हावी लागते. ऑस्ट्रेलियातील क्वांटास या विमान कंपनीने २०२० साली सुमारे १,७०० भूसेवकांची कामे बाहेरच्या कंत्राटदारांकडे सोपविली. कामगारांना आपले औद्योगिक हक्क बजावता येऊ नयेत, हाही त्यामागे एक हेतू होता, असे न्यायालयास आढळले; सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने तो निर्णय कायम केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड झाला.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. नव्याने दाराशी आलेल्या तरुणालाही पोट आहे. जुन्याला आधी बोलावणे हा त्याच्यावर अन्याय नव्हे काय? आमचे उत्तर असे, की प्रत्येक जुन्या माणसाला काम दिलेच पाहिजे, असे आम्ही म्हणत नाही. कोणी दुसरीकडे स्थिरावला असेल, कोणाच्या कामाची जागाच उरली नसेल. पण त्याला आधी विचारणे हे कर्तव्य आहे. तरुणाला ताटकळावे लागेल ते थोडे; आणि उद्या संकट आले तर हाच नियम त्याचेही रक्षण करील.

न विचारण्याची किंमत व्यवसायालाही मोजावी लागते. जुलै २०२२ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाला, मुख्यतः भूसेवेतील माणसे अपुरी पडल्यामुळे, दिवसाला एक लाखाहून अधिक प्रवासी रवाना होणार नाहीत अशी मर्यादा घालावी लागली. तथापि आम्ही आमचा मुद्दा फायद्या-तोट्यावर उभा करीत नाही; फायदा नसता तरीही देणे हे देणेच राहिले असते.

समुद्रात टाकलेली गाठोडी परत येत नाहीत, म्हणून त्यांची भरपाई पैशांत करावी लागते. माणसाचे तसे नसते. तो हुबळीला किंवा नेपाळातील एखाद्या खेड्यात जिवंत असतो, आणि त्याचा पत्ता मालकाच्या वहीत लिहिलेला असतो. जाहिरात देण्यापूर्वी ती वही उघडावी, निरोप धाडावा आणि उत्तरासाठी पंधरा दिवस थांबावे, एवढेच आमचे मागणे आहे. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.