परक्याच्या घरासाठी आलेले अश्रू

सिनेमा पाहून रडणाऱ्या माणसाची आपल्याकडे थट्टा होते. "खोट्या गोष्टीला काय रडायचं?" असे वडीलधारे विचारतात. सिनेमा पाहावा की नाही, हा मसला वेगळा. पण हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पडद्यावर ज्याचे घर जाते, तो नट संध्याकाळी आपल्या घरी सुखरूप पोचतो. मग आपल्या डोळ्यांतले पाणी खरे की खोटे? आणि खरे असेल, तर त्या पाण्याने आपण अधिक चांगले माणूस होतो का?

एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' 1973 साली तयार झाला. मूळ कथा इस्मत चुगताई यांची, पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. सेन्सॉरने तो अनेक महिने अडवून धरला. 1974 मध्ये तो लोकांपुढे आला. आमच्या पिढीने त्याच्याबद्दल फक्त ऐकले होते. नोव्हेंबर 2014 मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत थिएटरांत लागली, तेव्हा रत्नागिरीहून मुंबईला जाऊन मी तो पाहिला.

फाळणीनंतरचे आग्रा. जोड्यांचा कारखाना चालवणारे सलीम मिर्झा. एकेक नातेवाईक पाकिस्तानला निघून जातो. हवेली थोरल्या भावाच्या नावावर, आणि भाऊ सीमेपलीकडे, म्हणून हवेलीही जाते. म्हातारी आई लाकडांच्या कोठडीत लपून बसते. या घरात ती नवरी होऊन आलेली असते. शेवटी मरताना तिला पालखीतून त्याच हवेलीत आणावे लागते. त्या क्षणी मला रडू आवरले नाही.

हे अश्रू साहजिकच होते, असे कोणी म्हणेल. आपल्या समाजाची कहाणी, आपल्याच दादीसारखी दादी. कोकणातल्या कितीतरी घरांची एक फांदी कराचीत आहे. पण आपल्या दुःखावर आपण रडलो, तर त्यात नेकी कोणती? तेवढे तर प्रत्येकाला जमते.

बाहेर पडल्यावर दुसरीच गोष्ट मनात घोळू लागली. सलीम मिर्झा साकारणारे बलराज साहनी रावळपिंडीत वाढलेले. फाळणीत त्यांच्या कुटुंबाचे घर तिकडे राहिले. मिर्झांची हवेली ज्या अजमानींच्या हाती जाते, त्या भूमिकेत ए. के. हंगल, ते स्वतः फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेले. म्हणजे, ज्याचे घर पलीकडे गेले, त्याने इथे राहू पाहणाऱ्या मुसलमानाचे दुःख आपल्या चेहऱ्यावर घेतले. चित्रपटाचे डबिंग पूर्ण झाले आणि 13 एप्रिल 1973 रोजी साहनी गेले. प्रदर्शन त्यांना पाहता आले नाही.

साहनींना हिशेब मांडता आला असता : तुमच्या लोकांमुळे माझे घर गेले, आता तुमच्यासाठी मी का रडू? त्यांनी तो मांडला नाही. अजमानीही सिनेमात दुष्ट नाही. मिर्झांना जमेल तेवढी मदत करणारा, अदबीने वागणारा माणूस आहे. त्याच्यासाठी आपले डोळे भरतात का? माझ्या मते अश्रूंची खरी परीक्षा इथे आहे. आपल्या माणसासाठी येणारे पाणी रक्ताचे असते. परक्यासाठी येते, तेव्हा ते इन्सानियतचे होते.

रत्नागिरीकरांना हे समजणे अवघड जाऊ नये. ब्रह्मदेशाचा थिबा राजा 1886 पासून इथे नजरकैदेत होता आणि 1916 मध्ये इथेच वारला. ना आपल्या भाषेचा, ना धर्माचा. तरी थिबा पॅलेस पाहताना त्या बेवतन माणसासाठी आजही कुणाचा तरी जीव हळहळतो.

पण हळहळीवर थांबणे सोपे आहे. अंधारात रडताना आपल्याकडे कोणी काही मागत नाही. पडद्यावरची दादी सुंदर दिसते, कारण तिचे औषधपाणी आपल्याला करावे लागत नाही. आपल्याच गावातली म्हातारी "मी मुंबईच्या फ्लॅटात येणार नाही, मला याच घरात मरायचंय" म्हणाली, की तिला आपण हट्टी ठरवतो. मुले आखातात, घराला कुलूप, आणि म्हातारीचे बोचके बांधून तयार! हवेलीसाठी रडलेल्या माणसाने निदान तिच्याजवळ बसून तिचे ऐकून तरी घ्यावे.

शाळेत मुले विचारतात, "सर, कहाणी खोटी असते, मग ती का शिकायची?" मी सांगतो, कहाणी खोटी असली तरी तिने मऊ केलेले दिल खरे असते. मात्र मऊ झालेली जमीन पेरली नाही, तर ती पुन्हा टणक होते.

चित्रपटाच्या अखेरीस मिर्झा कुटुंब स्टेशनकडे निघालेले असते. वाटेत रोजगार मागणारा मोर्चा भेटतो. मुलगा सिकंदर त्यात शिरतो आणि सलीम मिर्झाही टांग्यातून उतरून त्या गर्दीत मिसळतात. त्या गर्दीत कोण आपला, कोण परका, हे ते विचारत नाहीत. अश्रू पुसल्यानंतर करण्याचे काम यापेक्षा वेगळे काय असणार?