रांगेतला शेजारी



2020 साली आपल्या शहरात किराणा दुकानांपुढे आणि भाजीबाजारात चुन्याने व रंगाने आखलेली वर्तुळे आता कुठे दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्याच्या कितीतरी आधी महाद्वार रोडवर पूर्वीसारखी खांद्याला खांदा लागणारी गर्दी सुरू झाली होती. मग तो जुना विषय आज प्रवचनात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे मार्च 2020 पासून 16 नोव्हेंबरपर्यंत बंद होती आणि 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली ती 7 ऑक्टोबरलाच उघडली. त्या महिन्यांत आपण पवित्र मिस्साला येऊ शकत नव्हतो, पण दुकानात मात्र जात होतो. घराबाहेरच्या माणसाशी आपली गाठ पडत होती ती दुधाच्या केंद्रावर, औषधाच्या दुकानात, भाजीच्या हातगाडीपाशी. म्हणजे शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा पाळायची किंवा मोडायची, ती तिथेच. पाळली की मोडली, याचा हिशेब आपण बहुतेकांनी अजून केलेला नाही.

आठवा 22 मार्च 2020 चा जनता कर्फ्यू आणि त्यानंतरचे ते दोन दिवस. 24 तारखेला रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि घोषणा संपायच्या आत लोक पिशव्या घेऊन रस्त्यावर आले. ज्याच्या हातात पैसा होता त्याने पाच किलोऐवजी पंचवीस किलो तांदूळ उचलला. ज्याला रोजच्या मजुरीतून रोजचे पीठ घ्यायचे होते, तो सकाळी दुकानात गेला तेव्हा फडताळे रिकामी होती.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोक रानात भुकेले असताना देव त्यांना मान्ना देतो. मान्ना आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण त्यात मापाचा जो नियम आहे त्याकडे आपले लक्ष जात नाही. प्रत्येकाने आपल्या तंबूत जितकी माणसे असतील तितक्या माणसांपुरते, दरडोई एक ओमर, एवढेच गोळा करायचे. कोणी जास्त गोळा केले, कोणी कमी. मापून पाहिले तेव्हा जास्तवाल्याकडे उरले नाही आणि कमीवाल्याला पुरले नाही असेही झाले नाही. काहींनी मोशेचे न ऐकता सकाळपर्यंत ठेवले, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली.

आता इथे कोणी म्हणेल, फादर, घरात थोडे जास्तीचे धान्य ठेवणे हे पाप आहे का? नाही. त्याच अध्यायात पुढे सहाव्या दिवशी देवच दुप्पट गोळा करायला सांगतो, कारण सातव्या दिवशी शब्बाथ आहे. आणि ते ठेवलेले अन्न नासत नाही. ज्या घरात म्हातारी माणसे होती, ज्यांना चौदा दिवस दार उघडायचे नव्हते, त्यांनी दोन आठवड्यांचे सामान आणून ठेवले तर ते शहाणपणच होते. त्यांच्यामुळे बाजारातली गर्दी कमी झाली. प्रश्न डब्यात किती आहे हा नाही. मागे रांगेत कोण उभे आहे याचा विचार डबा भरताना मनात आला होता का, हा आहे. माझ्या मते साठा आणि साठेबाजी यांच्यातली रेघ तिथे पडते.

एप्रिल 2020 पासून सरकारने शिधापत्रिकेवर दरडोई पाच किलो धान्य मोफत द्यायला सुरुवात केली. दरडोई, म्हणजे मान्नाचेच माप. पण त्या रांगेत उभे राहायची आपल्यापैकी काहींना लाज वाटली, आणि जे उभे राहिले त्यांच्याकडे पाहून काहीजण हसले. रेशनच्या रांगेला हसणाऱ्या ख्रिस्ती माणसाने आपण रोज ‘आमची रोजची भाकर’ कोणाकडे मागतो, हे एकदा सावकाश आठवावे.

विकणाऱ्यांचीही गोष्ट काढली पाहिजे, कारण आपल्या धर्मग्रामात दुकानदार आहेत, औषधविक्रेते आहेत. टाळेबंदीच्या आधीच मास्क आणि सॅनिटायझर यांचे भाव असे काही चढले, की 13 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारला त्यांचा समावेश जीवनावश्यक वस्तूंत करावा लागला, आणि आठवड्याने भाव ठरवून द्यावे लागले: दोन पदरी मास्क आठ रुपये, तीन पदरी दहा रुपये, दोनशे मिलिलिटर सॅनिटायझर शंभर रुपये. वर्षभराने, एप्रिल 2021 मध्ये, रेमडेसिव्हिरच्या एका कुपीसाठी लोक गावोगाव फिरत होते आणि काळ्या बाजारात छापील किमतीच्या कितीतरी पट मोजत होते. आमोस संदेष्ट्याने आठव्या अध्यायात ज्यांच्यावर कोरडे ओढले आहेत ते व्यापारी आठवतात: सण कधी संपतो आणि धान्य विकायला कधी बसतो याची त्यांना घाई झालेली असते, माप लहान करतात, तराजू खोटा ठेवतात, गव्हात भुसा मिसळतात. ख्रिस्तसभेची धर्मशिक्षणाची पोथी सातव्या आज्ञेखाली स्पष्ट सांगते की दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेऊन भाव वाढवणे हे चोरीच्याच जातीचे पाप आहे. कायद्यात सापडले नाही म्हणून ते पाप कमी होत नाही.

पण एवढेच सांगून थांबलो तर व्यापाऱ्यांवर अन्याय होईल. नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायात एक वचन आहे, की जो धान्य दडवून ठेवतो त्याला लोक शाप देतात, पण जो विकतो त्याच्या मस्तकी आशीर्वाद येतो. ‘फुकट वाटतो’ असे तिथे म्हटलेले नाही, हे मला फार आवडते. दुकान उघडे ठेवणे, रास्त भावाने विकणे, एवढ्यालाही शास्त्र आशीर्वाद म्हणते. 27 मार्च 2020 च्या संध्याकाळी दिवंगत पोप फ्रान्सिस रोमच्या सेंट पीटर चौकात पावसात एकटे उभे राहिले, समुद्रातल्या वादळाचे शुभवर्तमान त्यांनी समोर ठेवले आणि आपले जीवन ज्यांनी तोलून धरले आहे अशा साध्या माणसांची यादी केली. त्यात डॉक्टर आणि परिचारिका होत्या, तसे दुकानांत काम करणारे आणि सफाई करणारेही होते. गल्लीच्या टोकावरचा किराणावाला त्या यादीत बसतो. तोंडाला रुमाल बांधून, घरच्यांचा जीव मुठीत धरून, तो रोज सकाळी शटर वर करत होता.

आणि आपण त्याच्याशी कसे वागलो? पैसे टेकवण्याऐवजी टेबलावर फेकले. ‘ए, लवकर दे’ म्हणालो. संसर्ग टाळण्यासाठी अंतर ठेवायचे होते. ते बरोबरच होते. त्या काळात अंतर ठेवणे हीच प्रीती होती, हे मी आजही ठामपणे म्हणतो. पण सहा फुटांच्या अंतरात काहींनी आणखी काहीतरी मिसळले. ते ओळखायला कोल्हापूरच्या माणसाला पुस्तक वाचावे लागू नये.

आपल्या याच शहरात शंभर वर्षांपूर्वी गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ होते. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असताना, वरच्या जातीच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करायला सांगितले आणि गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढले. दुकान स्वच्छ, चहा चांगला. पण त्यांच्या हातचा चहा घ्यायला कोणी येईना. तेव्हा महाराज आपली गाडी दुकानापुढे उभी करून चारचौघांत त्यांच्या हातचा चहा मागवून पिऊ लागले. राजाला चहाची काय वाण होती? पण गिऱ्हाईक होणे ही सुद्धा एक साक्ष असते, हे त्यांना ठाऊक होते. त्याच महाराजांनी 1896-97 च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने काढली होती, हेही जाता जाता आठवावे.

हे आत्ता सांगायचे कारण असे, की एप्रिल 2020 मध्ये देशात अनेक ठिकाणी मोबाईलवरून अफवा फिरल्या, की मुसलमान फळवाले आणि भाजीवाले मुद्दाम रोग पसरवतात. काही वस्त्यांतून हातगाडीवाल्यांना नाव विचारून परत पाठवले गेले. रुग्णालयांतल्या परिचारिकांना घरे सोडायला सांगितले गेले. शेवटी 22 एप्रिलला आरोग्यसेवकांच्या संरक्षणासाठी केंद्राला वटहुकूम काढावा लागला. मुंबई-पुण्याहून गावी आलेली आपलीच माणसे शाळेच्या खोल्यांत राहिली, आणि गावात त्यांच्याकडे कसे पाहिले गेले ते तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो संदेश किती कुटुंबांनी पुढे पाठवला, हे मी विचारत नाही. ज्याने त्याने प्रायश्चित्त संस्काराला येताना आठवावे.

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी येशूला भेटतात. ते दूर उभे राहतात, कारण नियमशास्त्राने त्यांना तसेच सांगितले होते. येशू त्यांना त्याबद्दल बोल लावत नाही. त्या अंतरावरून ते हाक मारतात, त्या अंतरावरूनच तो त्यांच्याकडे पाहतो आणि बोलतो. इथे प्रभूने कोणाला हात लावल्याचे लूक सांगत नाही. दुसरीकडे, मार्कच्या पहिल्या अध्यायात, तो कुष्ठरोग्याला स्पर्श करतो. कधी स्पर्श, कधी दुरून शब्द. पण तुच्छता एकदाही नाही. तोंडावर मास्क असतानाही ‘मावशी, कशा आहात?’ एवढे विचारता येत होते.

मावशींचे नाव निघालेच आहे तर घासाघिशीबद्दलही बोलू. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात एक गिऱ्हाईक आहे. माल घेताना ‘वाईट आहे, वाईट आहे’ म्हणतो आणि घेऊन गेल्यावर शेखी मिरवतो. इतक्या हजार वर्षांत त्याच्यात फारसा फरक पडलेला नाही. टाळेबंदीत हॉटेले बंद झाली, रिक्षा थांबल्या, आणि ज्यांनी कधी तराजू धरला नव्हता अशी कितीतरी माणसे हातगाडी घेऊन भाजी विकू लागली. दुधाचीही तीच गत: मागणी इतकी घसरली की राज्य सरकारने रोज दहा लाख लिटर दूध 25 रुपये दराने घेऊन त्याची पावडर करायचे ठरवले. अशा दिवसांत दारात आलेल्या माणसाला मेथीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी आपण दहा मिनिटे उभे केले, आणि मोबाईलवर मागवलेल्या वस्तूला छापील किंमत निमूटपणे दिली. मॉलमध्ये घासाघीस करायची आपली हिंमत नाही, म्हणून ती भाजीवालीपाशी करायची; याला काटकसर म्हणणे मला जड जाते.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात संत पौल रागावला आहे. प्रभूच्या भोजनाला जमणारे लोक आपापले जेवण आधीच उरकून घेतात. एक उपाशी राहतो, दुसऱ्याला चढलेली असते. बहुधा पोटासाठी राबणारे, दिवसभराचे काम संपवून उशिरा पोचणारेच उपाशी राहत असावेत. त्यावर पौलाचा उपाय अगदी साधा आहे: एकमेकांसाठी थांबा. ख्रिस्तप्रसादाविषयी त्याने इतकी मोठी शिकवण दिली आणि शेवटी सांगितले काय, तर थांबायला.

1576 मध्ये मिलान शहरात प्लेग आला तेव्हा संत चार्ल्स बोरोमिओ तिथे महागुरुस्वामी होते. श्रीमंत शहर सोडून गेले, ते राहिले; हजारो भुकेल्यांच्या अन्नाची सोय केली, त्यापायी कर्ज काढले. लोकांना घराबाहेर पडायची बंदी होती, म्हणून त्यांनी चौकाचौकांत वेदी उभारून तिथे मिस्सा अर्पण करवला. लोक खिडकीतून भाग घेत. अंतर पाळूनही जवळ कसे जायचे, हे त्यांनी साडेचारशे वर्षांपूर्वी शोधले होते.

आपल्याकडेही असे घडले, फक्त ते कोणी लिहून ठेवले नाही. पगार थांबला तेव्हा गल्लीतल्या किराणावाल्याने वहीत नाव लिहून महिनोन्‌महिने सामान दिले. मोठ्या दुकानाने दिले नाही. मोबाईलवरच्या दुकानाला तर तुमचे तोंडही माहीत नाही. जुलै 2021 मध्ये साथ सुरू असतानाच पंचगंगेला पूर आला. 2019 च्या ऑगस्टप्रमाणे त्याही वेळी महामार्ग पाण्याखाली गेला, बाहेरून भाजी-दूध येईना. तेव्हा याच लोकांनी पाण्यातून वाट काढत माल पोचवला. नदी पुन्हा कधीतरी वाढेल, आणि त्या दिवशीही आपण आधी त्याच्याच दारात जाणार आहोत.

आता एक कामाची गोष्ट. त्या काळातली वही काही घरांची अजून मिटलेली नाही, असे कानावर येते. दुकानदार भिडेखातर मागत नाही आणि आपण त्या रस्त्याने जायचे टाळून पुढच्या दुकानातून सामान आणतो. एकदम जमत नसेल तर महिन्याला शंभर-दोनशे द्या. पण स्वतः जाऊन द्या, आणि मुलांना बरोबर न्या.

मिस्सा संपल्यावर आपल्यातले बरेचजण पिशव्या घेऊन इथूनच लक्ष्मीपुरीत जातात. आज रविवारचा बाजार आहे. खेड्यांतून पहाटे निघालेल्या बायका केव्हाच्या येऊन बसल्या असतील. जाताना सुटे पैसे घेऊन जा.