चुलवाण आणि चूल

एखाद्या कामातील दोष करणाऱ्यास बाधत नाही, सोसावा लागतो दुसऱ्यालाच. मग तो दूर करण्याचे बंधन कोणावर? नीतिशास्त्रज्ञ हा प्रश्न पूल, धरणे, औषधे अशा मोठ्या उदाहरणांनी मांडीत असतात. आम्ही तो चुलीच्या धुराड्यावरून मांडू इच्छितो.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांत घोड व भीमा ह्या नद्यांच्या काठाने ऊस पसरलेला आहे. दौंडात केडगावच्या बाजूस गेल्यास गुऱ्हाळांची धुराडी दुरूनच दिसतात. त्यांतून काय काय जाळले जाते व कोणाच्या नाकात जाते, हा निराळाच विषय, असो. काहिलीखालच्या चुलवाणाचा सारा जीव धुराड्याच्या ओढीत असतो. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व मागून ताजी हवा ओढून घेते. धुराड्यास भेग पडली की तेथून थंड हवा शिरते, ओढ मंदावते, रस आटण्यास वेळ लागतो आणि चिपाडे अधिक जळतात. गुऱ्हाळमालकास हे समजावून देण्यास प्राध्यापक लागत नाही. तो लागलीच गवंडी बोलावतो.

आता त्याच गावातील एखाद्या स्वयंपाकघरात चला. सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना १९८३ साली निघाली व २००२ साली बंद झाली. तेवढ्या काळात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत गॅस आणला, तरी आंघोळीचे पाणी आणि भाकरी अनेक ठिकाणी अद्याप लाकडांवरच होतात. चुलीची नळी नीट बसविणे हे काही दिव्य नव्हे. ती सरळ उभी असावी, आढ्याच्याही वर दोन-तीन फूट निघावी, सांधे लिंपलेले असावेत, माथ्यावर टोपी असावी आणि काजळी काढण्यास वाट असावी. परंतु वासा आड येतो म्हणून नळीस आडवे वळण दिले जाते, पत्र्याबाहेर ती जेमतेम वीतभर काढली जाते; मग छपरावरून उतरणारा वारा धूर पुन्हा घरात लोटतो. अशा नळीस अर्धी चांगली म्हणता येत नाही. तिने धूर तर हटत नाहीच, उलट ‘निर्धूर चुलीचाही धूर होतोच’ असा समज पक्का होऊन चांगल्या कामाचेही नाव जाते.

दुरुस्ती एका सकाळची: वळण काढावे, एक तुकडा वर जोडावा, सांधा लिंपावा. तरी ती वर्षानुवर्षे होत नाही, कारण तिच्यावाचून होणारे नुकसान कोणत्याही वहीत मांडले जात नाही. ते डोळ्यांत आणि छातीत साठते, आणि ज्या बाईच्या छातीत साठते तिच्याकडे घरातील पैशाची वही सहसा नसते.

ह्यावर कोणी म्हणेल, निगा राखणे हे वापरणाऱ्याचेच काम. ओडिशातील खेड्यांत अशा चुलींची चार वर्षे पाहणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात पहिल्या वर्षी श्वासातील धूर कमी झाला, पुढे निगा व वापर दोन्ही ढिले पडून तो लाभ मावळला, असे दिसते. आम्ही हे खरे मानतो. पण ‘निगा राखली नाही’ ह्या वाक्याचा कर्ता कोण? जिला छपरावर चढण्याची मुभा नाही, गवंड्यास देण्यास पैसा नाही, तिला कर्ता ठरविणे ही व्याकरणाची सोय झाली. जे करणे शक्यच नाही त्याचे कर्तव्यही संभवत नाही, हा कांटचा न्याय येथे नेमका लागू पडतो.

दोष कोणाचा आणि दुरुस्ती कोणाची हे दोन प्रश्न आहेत. सुशिक्षित मंडळी पहिल्याचा वाद घालीत दुसरा विसरतात. वाकडी नळी बसविणारा केव्हाच निघून गेला. भाकरी खाणारा मात्र रोज त्याच चुलीपुढे पाटावर बसतो, आणि गवंड्याचे घर त्यास ठाऊक असते. पुढल्या वेळी चुलवाण लिंपण्यास गवंडी येईल तेव्हा शिडी काढलेलीच असेल. ती शंभर पावलांवरच्या आपल्या घरापर्यंत न्यावयाची आहे.