मुके कोण, बहिरे कोण?

प्राण्यांना मराठीत 'मुकी जनावरे' म्हणतात, उर्दूत 'बेजुबान'. देवपुरात उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवताना हा शब्द आमच्याही तोंडी नेहमी येतो. बेजुबानाला छळू नये, तहानलेल्याला पाणी पाजावे, असे आम्ही सांगतो. शिकवण चांगलीच आहे. पण तो शब्द खरा आहे काय?

घोळ मासा घ्या. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंचे ठोके देऊन तो ढोलासारखा आवाज काढतो. हीच पिशवी वाळवून परदेशी जाते आणि तिला मोठे मोल येते. २०२१ साली पालघर जिल्ह्यातील मुरबे गावच्या मच्छीमारांना दीडशेहून अधिक घोळ मिळाले. ते कोटीहून अधिक रुपयांना विकले गेले. ज्या अवयवाने मासा बोलतो त्याचाच बाजारात भाव होतो आणि मासा मात्र मुका ठरतो!

समुद्राला 'नि:शब्द जग' म्हणणारा झाक कूस्तो यांचा चित्रपट १९५६ साली जगभर गाजला. वस्तुस्थिती उलट आहे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. उजेड मात्र थोड्याच खोलीवर संपतो. म्हणून जलचरांचे पुष्कळसे जगणे कानावर चालते. गंगेतील डॉल्फिन, जो २००९ साली आपला राष्ट्रीय जलचर ठरला, जवळजवळ आंधळाच आहे. आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर तो वाट आणि भक्ष्य शोधतो. अशा जगात जहाजाचा पंखा फिरतो, त्याभोवती असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्यांचा गडगडाट मैलोन्‌मैल पसरतो.

धुळ्याला समुद्र दूर आहे, असे कोणी म्हणेल. पण आपली पांझरा मुडावदजवळ तापीला मिळते आणि तापी हजिऱ्याजवळ अरबी समुद्राला, जिथे मोठमोठी जहाजे लागतात. याच समुद्रात गाणारे कुबड देवमासे राहतात. त्यांतील एका मादीला संशोधकांनी 'लुबान' असे नाव दिले. लुबान म्हणजे आपल्या घरोघरी जळणारा लोबान. २०१७ साली ओमानच्या किनाऱ्यावर तिच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले, तेव्हा ती समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत आल्याचे दिसले.

हे जग माणसाच्या कानापर्यंत आणण्याचे काम काही कलावंत करीत आहेत. नॉर्वेच्या याना विंडेरेन पाण्याखाली मायक्रोफोन सोडून ध्वनी टिपतात. २०१९ साली अमेरिकेतील मायामी बीच येथे त्यांचे ध्वनीचे मांडणशिल्प होते. तिथे पाहण्यासारखे फारसे काही नव्हते, ऐकायचे होते: जलचरांचे आवाज आणि त्यांच्यावर चढणारा माणसाचा गोंगाट.

पण यातून माशाला काय मिळाले? श्रोत्याने हळहळावे आणि घरी जावे, एवढेच असेल तर ही कला श्रीमंतांची करमणूक ठरेल. आक्षेप खोटा नाही. तरीही आम्हाला वाटते, अशा कलेचा खरा उपयोग माशाची कीव यावी हा नसून, माशाच्या कानाने आपला स्वत:चा आवाज आपल्याला ऐकू यावा हा आहे.

आपला न्याय बहुधा तक्रारीने सुरू होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा आखला. तिथे माणूस तक्रार करू शकतो. ज्याला पोलीस ठाण्यात जाता येत नाही, त्याच्याविषयीचे कर्तव्य कोठे सुरू होते? तक्रार ऐकू आली तरच कर्तव्य लागू होते असे मानले, तर कानात बोटे घालून बसणारा सर्वांत निर्दोष ठरेल.

जहाजे बंद करा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. १९९५ पर्यंत आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येक जण मुंबईहून जहाजानेच हजला जात. पण वेग कमी करता येतो, पंख्याची घडण सुधारता येते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ साली तशी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०२३ साली ती सुधारली. मात्र ती ऐच्छिक आहेत. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरील हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात जहाजांची ये-जा घटली, तेव्हा तिथल्या देवमाशांच्या शरीरातील ताणाची संप्रेरके कमी झाल्याचे आढळले. प्लॅस्टिक शतकानुशतके उरते. गोंगाट थांबवला की त्याच क्षणी संपतो. इतका सोपा उपाय असताना तो न करणे, हा दोष अज्ञानाच्या खात्यावर टाकता येत नाही.

ज्याची बोली शेजाऱ्याला कळत नाही, त्याला काही सांगायचेच नाही असे गृहीत धरले जाते. उर्दूत शिकून मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आपल्या समाजाला हा अनुभव वेगळा समजावून सांगायला नको. म्हणून मुलांना दया शिकवावीच. पण 'बेजुबान' या शब्दाचा अर्थही नीट सांगावा: ज्याची जबान अजून आपल्याला येत नाही, तो.