रोजची वाटणी आणि विजेचे बिल

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७



यरुशलेमेच्या मंडळीत कुरकुर उठली, ती भाकर नसल्याची नव्हती. रोजच्या वाटणीत काही विधवा वगळल्या जात होत्या, आणि त्या ग्रीक भाषा बोलणाऱ्या होत्या. मदत होती, ती त्यांच्या दारापर्यंत पोहोचत नव्हती.

हा पाठ वाचताना आपला आदिलाबाद जिल्हा डोळ्यांपुढे येतो. तेलंगणा सरकारने २७ फेब्रुवारी २०२४ रोजी गृहज्योती योजना सुरू केली. पात्र शिधापत्रिकाधारक घराने महिन्यात २०० युनिटांपर्यंत वीज वापरली, तर त्याचे बिल शून्य. मार्च २०२४ पासून अशी बिले निघू लागली. मात्र त्यासाठी शिधापत्रिका, आधार आणि वीजजोडणीचा क्रमांक यांचा मेळ बसावा लागतो. पैनगंगेच्या अलीकडे, बेला-जैनथ भागात पुष्कळ घरांत मराठी बोलतात. कचेरीचा कारभार मात्र तेलुगूत चालतो. एखादा आकडा चुकला, तर एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या हाती पूर्वीसारखेच बिल पडते, आणि औषधाच्या पैशांतून ती ते मुकाट्याने भरते.

प्रेषितांनी त्या विधवांना कुरकुरीबद्दल दटावले नाही, की हे काम क्षुल्लक म्हणून टाळले नाही. त्यांनी आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असे सात जण निवडवून घेतले. पंक्तीच्या सेवेसाठीही पवित्र आत्मा हवा! आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, हे विसरू नये. ज्यांची तक्रार, त्यांची भाषा जाणणारे सेवक मंडळीने दिले.

आपणही तेच करू या. प्रत्येक मंडळीने तेलुगू वाचणारे दोघे विश्वासू जण नेमावेत. त्यांनी विधवांच्या व वृद्धांच्या घरी जाऊन बिल पाहावे, आणि हक्क असून बिल येत असेल तर कागदपत्रे घेऊन त्यांच्यासोबत कचेरीत जावे. खोटी माहिती मात्र कोणी देऊ नये. रविवारच्या शाळेतील शिक्षकांनो, आपली मुले शाळेत तेलुगू शिकतात. आजीचे बिल वाचून दाखवणे ही त्यांची पहिली सेवा होऊ द्या.

त्या सात जणांच्या नेमणुकीनंतर देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला, असे लूक सांगतो. वाटणी नीट झाली, तेव्हा साक्षही उजळली. प्रभू आपल्या मंडळ्यांतही असेच करो. आमेन.