शपथ आणि औषध



दरवर्षी उपवासकाळात काही जण वेदीपुढे येऊन दारू सोडण्याची शपथ घेतात. आम्ही आशीर्वाद देतो. ईस्टरनंतर त्यांतला एखादा पुन्हा भट्टीवर दिसला की आपण म्हणतो, "शपथ मोडली. इच्छाशक्तीच नाही!"

काही वर्षांपूर्वी आम्हीही एका बंधूला असेच बोललो. (ही पापनिवेदनातली गोष्ट नव्हे, घरच्यांच्या संमतीने लिहीत आहोत.) दारू सुटून चार महिने झाले होते, पण रात्र रात्र झोप नव्हती, जगण्यात रस नव्हता. डॉक्टरांनी नैराश्यावर गोळ्या दिल्या. प्रार्थनागटात कोणी म्हणाले, "एक नशा सुटली, आता ही दुसरी कशाला?" आम्ही तिथेच होतो, गप्प राहिलो. त्याने गोळ्या सोडल्या. सहा आठवड्यांत तो पुन्हा प्यायला लागला, आणि आम्ही त्याला शपथेची आठवण करून दिली.

मग दोष कुणाचा? संत थॉमस अक्वायनस शिकवतात की जाणूनबुजून, स्वेच्छेने केलेले कृत्यच खऱ्या अर्थाने मानवी कृत्य. ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथही मान्य करतो की भीती, सवय आणि मानसिक कारणे यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. म्हणजे व्यसनी माणूस निर्दोष का? तसेही नाही. संध्याकाळी सात वाजता भट्टीच्या दारात त्याच्याजवळ फारसे स्वातंत्र्य उरलेले नसेल. पण सकाळी दहा वाजता दवाखान्यात जाण्याइतके बहुधा असते. जाब तिथला विचारावा. आणि त्या वाटेवर त्याला अडवणाऱ्यांनाही.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे एक संस्थापक बिल विल्सन यांनी १९३४ मध्ये दारू सोडली ती कायमची. तरीही १९४० च्या दशकात ते तीव्र नैराश्याने ग्रासले होते. तेव्हा इच्छाशक्ती कमी पडली असे कोण म्हणेल?

कोणी मनाची तगमग शमवायला पितो, कोणाचे मन दारूनेच ढासळते. पुष्कळदा दोन्ही एकमेकांना पोसतात. एकावरच उपचार केला तर दुसरा आजार माणसाला मागे खेचतो, म्हणून दोन्हींवर एकत्र उपचार हवेत. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांनी नशा चढत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात.

कोराडी रोडवरील प्रादेशिक मनोरुग्णालयाला आपण नागपूरकर अजूनही 'पागलखाना' म्हणतो. ज्या दाराला असे नाव, त्यातून आपल्या मुलाला कोणती आई सहज आत नेईल? मेडिकलमध्येही मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर मराठीतही बोलता येते.

यापुढे शपथेला येणाऱ्याला आम्ही आधी विचारणार आहोत, "डॉक्टरांना भेटलात का?" रोज पिणाऱ्याने एकदम दारू थांबवली तर फिट्स येऊ शकतात, प्राणही जाऊ शकतो. तेव्हा आधी दवाखाना, मग वेदी. घरच्या कोणाला सोबत हवी असेल तर रविवारच्या मिस्सेनंतर भेटावे, आम्ही बरोबर येऊ.

तो बंधू आता गोळ्या घेतो. मधे एकदा घसरला होता. त्या वेळी आम्ही शपथेचे नाव काढले नाही.